वावरात पांढरा पाळीव ससा सापडला, कोणीतरी सोडून गेलं. ठेवायचा आहे, काय काय करू?

पऱ्हाटी

नमस्कार सगळ्यांना. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. मंगळवारी फरदडीचा (जुन्या पऱ्हाटीवर परत आलेल्या कापसाचा) शेवटला वेचा सुरू होता, सासूबाई पऱ्हाटीच्या ओळीत वाकून वेचून रायल्या होत्या तर त्यांना वाटलं ओटीतून कापूस सांडला, उचलायला हात लावला तं तो कापूसच हालला. पायतो तं काय, पांढराशुभ्र ससा, लाल डोळे, पऱ्हाटीच्या बुडाशी अंग चोरून बसलेला, एवढा भेदरलेला का पळाला पण नाही. वावराला लागून डांबरी रोड आहे, धुऱ्यावर (बांधावर) एक फाटका खोका पडून होता आन त्यात सुकलेली पत्ताकोबीची पानं, म्हणजे कोणीतरी गाडीतून आणून सोडून गेलं हे नक्की. सासूबाईंनी पदरात गुंडाळून घरी आणला.

पोरीनं नाव ठेवलं कापशी. नर आहे का मादी ते आम्हाला समजत नाही. पहिल्या दिवशी दूध-भाकर दिली ती थोडी खाल्ली, गाजर दिलं ते पण खाल्लं, पण आज सकाळपासून फक्त मेथीच्या दोन काड्या. कानाच्या आत भुऱ्या पापुद्र्यांचा थर आहे, वाळलेल्या भाकरीच्या पापडीसारखा, आन सारखा मागच्या पायानं खाजवते. नखं वाकडी होईपर्यंत वाढलेली. काल लघवी केशरी रंगाची झाली, मी घाबरूनच गेली का रक्त आहे का काय. आन रात्री बॅटरी लावून पायलं तर मान खाली घालून स्वतःचीच लेंडी खात होता, हे काय आजारपण असते का?

गावात कोणी म्हणते जंगलात सोडून द्या पुण्य लागेल, कोणी म्हणते कापून खाता का. सासूबाई म्हणतात घरी आलेलं लेकरू कोणी हाकलते का. एका दवाखान्यात विचारलं तर ते म्हणे आम्ही ढोरं पायतो, सशाचं आम्हाला सांगता येत नाही. मला हा जीव जगवायचा आहे, ज्यांनी पाळला असेल त्यांनी प्लीज सगळं सविस्तर सांगा.

नागपूरची ससेवाली

ताई, बाकी सगळं नंतर, आधी एक सांगा, त्याने शेवटची कडक गोल लेंडी कधी टाकली? ससा १०-१२ तास काही खाल्लं नाही आणि लेंडी बंद झाली तर ती इमर्जन्सी असते, उद्या बघू म्हणायची गोष्ट नाही. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, थांबलं की पोटात गॅस धरतो, आणि सशाला उलटी करता येत नाही त्यामुळे आत गेलेलं बाहेर काढायचा दुसरा रस्ताच नाही. पोट हलक्या हाताने दाबून बघा, मऊ लागलं तर ठीक, ढोलकीसारखं ताणलेलं असेल, दात करकर खात एका जागी कुबड काढून बसला असेल तर आजच्या आज डॉक्टर, आणि अशा फुगलेल्या पोटात जबरदस्तीने काही भरवू नका.

दूध-भाकर आत्तापासून बंद. पोळी, बिस्किट, मुरमुरे, चिवडा, भात काहीच नको. सशाचं खरं जेवण म्हणजे गवत, दिवसरात्र समोर गवत पाहिजे, हिरवं नाहीतर वाळलेलं, पोटात जाणाऱ्यापैकी बहुतेक सगळं तेच असलं पाहिजे. गाजर आपल्याला पुस्तकातल्या चित्रांनी शिकवलं, प्रत्यक्षात ते गोड असतं, बोटाच्या पेरापेक्षा मोठा तुकडा देऊ नका आणि तोही रोज नाही. मेथी, सांबार (कोथिंबीर), मुळ्याचा पाला, तुळस, जास्वंदीची पानं हे रोज मूठभर, धुऊन, आणि नवीन पाला एका वेळी एकच सुरू करायचा. कांदा, लसूण, आलू, शिजवलेलं काहीही चालत नाही. गवत फक्त पोटासाठी नाही, त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, गवत रगडून रगडूनच ते झिजतात, नाहीतर एवढे वाढतात की तोंड मिटत नाही.

लेंडी खाण्याचं अजिबात घाबरू नका, तो आजार नाही. सशाच्या दोन प्रकारच्या लेंड्या असतात, एक कडक गोल चन्यासारखी, ती तो टाकून देतो. दुसरी मऊ, ओली, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी, ती तो थेट तोंडात घेतो. गाय रवंथ करते तसंच समजा, एकदा पचलेलं परत आत घेऊन त्यातलं सत्त्व काढायचं. ती खाल्ली नाही तर उलट काळजी करायची. लघवी केशरी, कधी विटकरी पण होते, पाल्यातल्या रंगाने. पांढऱ्या कपड्यावर पडू द्या, सगळी एकसारख्या रंगाची असेल तर ठीक, मध्येच लाल थेंब किंवा गुठळी दिसली तर डॉक्टरला दाखवा.

आणि कानाला धरून उचलू नका, पोरीला पण सांगा. एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली, अंगाला चिकटवून. त्याच्या मागच्या पायात ताकद एवढी आणि हाडं एवढी नाजूक की हवेत झटका मारला तर स्वतःचाच मणका मोडून घेतो. आंघोळ कधीच नाही. मागून घाण असेल तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसायची आणि लगेच कोरडी करायची.

सातपुडा पायथा

मला वाटते जंगलात सोडून देणंच बरं, शेवटी जंगलचा जीव आहे, घरात कोंडून ठेवणं पाप नाही का. आमच्याकडं मेळघाटाच्या बाजूनं तर सशे दिसतेच.

मोर्शीचा संत्रेवाला

भाऊ, तुमच्या मनात दया आहे हे समजते पण थो जंगलचा जीव नाहीच. आपल्या वावरात रात्री बॅटरीच्या उजेडात जो ससा उड्या मारत पळते थो मातकट भुरा, मानेवर काळा पट्टा, त्याचं पिल्लू केसासकट आन डोळे उघडे घेऊन जन्माले येते आन थो बिळात राहत नाही, गवतात नुसती जागा दाबून बसते. हा पांढरा म्हणजे युरोपातल्या बिळवाल्या सशापासून माणसानं पैदा केलेला, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातला, याची पिल्लं उघडी-नागडी आन डोळे मिटलेली. नावानं दोघं ससे, जात येगळी. याले सोडलं तर पहिल्याच दिवशी कुत्रे नाहीतर घार. पांढरा रंग पऱ्हाटीत लपला म्हणून वाचला, हिरव्या गव्हात असता तं त्याच दिवशी गेला असता.

आन उलटं पण सांगतो, थो जंगलचा भुरा ससा कोणाले सापडला तर घरी आणू नका, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, त्याले पाळता येत नाही. त्याचं पिल्लू एकटं दिसलं म्हणजे टाकून दिलेलं नसते, माय रात्री येऊन दूध पाजून जाते, हात न लावता तिथंच राहू द्याचं.

आता ताई तुमच्या कामाचं. गवत कुठून आणता थे पाहा. फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचं गवत आणू नका, तणनाशक मारलेल्या जागेचं तर बिलकुलच नाही. २०१७ ले आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता किती शेतकरी, मजूर गेले थे आपल्या सगळ्याईले माहीत आहे, जे औषध ७० किलोच्या माणसाले लोळवते थे दोन किलोच्या जिवाचं काय करन. विहिरीच्या काठची दूब (हरळी), नाही तं घरच्या सांदवाडीत (परसात) दोन वाफे दूब आन मारवेल लावून टाका, महिन्याभरात कापाले येते. गाजरगवत, रुई, धोतरा, कन्हेर यातलं काही चुकून येऊ देऊ नका, पेंढी सोडून निवडून टाकत जा. कोवळी ज्वारी आपण ढोराले देत नाही तशीच यालेही नाही. आन एक, घरी सरकीची ढेप असनच, दया येऊन कोणी मूठभर टाकन, थे टाकू देऊ नका, सरकीतलं जहर ढोराले पचते, सशाले नाही.

सातपुडा पायथा

हे माहीत नव्हतं दादा. मी आतापर्यंत सगळे एकच समजत होतो. ताई, सोडू नका.

भंडारा पशुसेवक

मी पशुसेवेत काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही पण काय करू नये ते नक्की सांगतो कारण खेड्यात चूक तिथंच होते.

कानातला पापुद्रा म्हणजे कानातली खरूज, बारीक किडे असतात. तो थर काडीनं, नखानं काढू नका, खाली कच्चं मांस असते, फार दुखते, औषध लागलं की आपोआप सुटून पडतो. रॉकेल, फिनाइल, जळालेलं ऑइल, हळद-तेल काही टाकू नका. घरात ढोरांचं गोचीडाचं औषध असेल ते तर लावूच नका, आणि फिप्रोनिल नावाचं औषध, कुत्र्या-मांजराच्या पिसवांसाठी मिळते, ते सशाला जीवघेणं ठरते. यावर साधारण आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात, ते कोणत्याही ढोराच्या दवाखान्यात असते, पण गाईच्या अंदाजानं दिलं तर ओव्हरडोस होईल, म्हणून जायच्या आधी किराणा दुकानाच्या काट्यावर टोपल्यासकट वजन करा, टोपल्याचं वजा करा आणि आकडा कागदावर लिहून डॉक्टरच्या हातात द्या. १०-१५ दिवसांनी परत द्यावं लागते, एका डोसात किडे जातात पण अंडी राहतात.

दुसरं, कोणी सर्दी-जखमेसाठी अमॉक्सिसिलीन किंवा पेनिसिलीन तोंडातून द्यायला सांगितलं तर हात जोडून नाही म्हणा. सशाच्या आतड्यातले चांगले जंतू त्यानं मरतात आणि ससा दगावतो. हे सगळ्यांना माहीत असते असं नाही, कारण आपल्याकडे ससा टेबलावर येतोच कधी. डॉक्टरला कमीपणा वाटेल असं नाही सांगायचं, नुसतं म्हणायचं "सशाला हे तोंडातून चालत नाही असं ऐकलं, एकदा बघून घेता का साहेब."

१९६२ हा जनावरांच्या सेवेचा टोल फ्री नंबर आहे, तिथं फोन करून जवळ कोण पाहू शकेल विचारा. नाहीच जमलं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था, शिकवणारे डॉक्टर असतात. आणि जनावर उपाशीतहानेनं मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, हे गावात बोलून ठेवा, पुढचा माणूस खोका घेऊन येण्याआधी विचार करेल.

पऱ्हाटी

सगळ्यांचे खूप खूप आभार, तुमचे रिप्लाय सासूबाईंना वाचून दाखवले, त्या म्हणे लेकीला सांगा इतकं तर मला माझ्या बाळंतपणात कोणी सांगतलं नव्हतं.

काल रात्री विहिरीवरून दूब आणली, धुऊन सुपात पसरून ठेवली. एक तास तोंड लावलं नाही, मी तिथंच ओसरीवर बसून होती, मग नाक हालवत हालवत आला, एक काडी टोकापासून ओढली आन ती काडी अशी आत जात होती जशी मशीनीत जाते, करकर करकर. १० वाजेपर्यंत अर्धं सूप खाल्लं. पहाटे ४ ला पायलं तर कडक लेंड्या पडलेल्या, मोजल्या पण, ३७ होत्या. माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

सकाळी वजन केलं, १ किलो ९०० ग्रॅम. मग दुसऱ्या गावच्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टर आले आहेत त्यांच्याकडे नेलं, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं का सशाचा अनुभव कमी आहे पण त्यांनी समोरच कॉलेजातल्या त्यांच्या सरांना फोन लावला, वजन सांगितलं, डोस विचारला आन तेवढंच दिलं. नखं पण कापली, पांढऱ्या नखात आतली लाल शीर दिसते, तिच्या पुढचं टोकच कापायचं हे मला दाखवलं. आन म्हणाले ही मादी आहे. म्हणजे कापशी नाव बरोबरच निघालं.

आता राहायचं विचारायचं आहे. सध्या कोंबडीच्या डाल्याखाली ठेवते, दिवसा खोलीत मोकळी. आमचं अर्धं घर कवेलूचं, अर्धं टिनाचं. आन आताच दुपारी ३६-३७ होऊन रायलं, मे महिन्यात काय करू, लाइन तर दिवसातून चार वेळा जाते.

नागपूरची ससेवाली

३७ लेंड्या वाचून मी इथे ऑफिसमध्ये हसले आणि रडले पण ताई. असंच मोजत जा.

उन्हाळा हाच आपल्याकडे सशाचा खरा वैरी. ३० च्या वर गेलं की त्याला जड जातं, आणि आपल्याकडे तर ४५ पार. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानातून बाहेर टाकतो, म्हणून ते कान एवढे मोठे. टिनाखाली अजिबात नाही, कवेलूच्या खोलीतच, जमिनीवर, जिथे शेणामातीचं सारवण किंवा शहाबादी फरशी आहे तिथे. खिडकीला ओलं बारदान. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून जुन्या लुगड्यात गुंडाळून जवळ ठेवा, ती स्वतःच जाऊन टेकून बसेल, लाइन गेली तरी तीन-चार तास पुरते, दोन बाटल्या आलटून पालटून ठेवा. पाणी जड मातीच्या कुंड्यात, उलटणार नाही असं. माझा पहिला ससा मी २०१९ च्या मे महिन्यात असाच गमावला, गॅलरीत सावली आहे म्हणून ठेवला होता, सावली होती पण झळ होती, मी दुपारी झोपले आणि उठले तेव्हा तो तोंड उघडून श्वास घेत होता. ते मी अजून विसरले नाही. तोंड उघडा, कान तापून लाल, लाळ, अंग सोडून पडलेला, हे दिसलं तर साध्या पाण्याने कान ओले करा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, झटका बसतो, आणि तसंच डॉक्टरकडे निघा.

डालं दिवसा थोडा वेळ ठीक, पण रात्री दार बंद खोलीतच. बोका, मुंगूस, साप सगळे येतात, आणि कुत्रा नुसता डाल्याभोवती फिरला तरी भीतीने ससा मरू शकतो. खाली जाळी नको, तळपाय सोलतात. एका कोपऱ्यात जुनं घमेलं, त्यात तणीस (वाळलेला पेंढा), वरून थोडं गवत. ती खाता खाता तिथेच लघवी-लेंडी करायला शिकते, बाकी घर स्वच्छ राहतं. चार्जरच्या वायरी मात्र वर उचला, वायर दिसली की ती कुरतडणारच. नीट सांभाळलं तर ८-१० वर्षं जगते, तेव्हा पोरीला सांगा ही तिच्यासोबत दहावीपर्यंत येणार आहे.

मोर्शीचा संत्रेवाला

घमेल्यातलं जे निघन थे फेकू नका, वांग्या-भेदराच्या (टमाट्याच्या) बुडाशी टाका, सशाचं खत शेणासारखं कुजवाव लागत नाही, तसंच टाकलं तरी झाड जळत नाही.

पऱ्हाटी

एक नवीनच झालं. परवापासून कापशी तोंडात तणसाची मोठी मिशी धरून धावते, कोपऱ्यात नेऊन ठेवते, परत येते, परत नेते. आन आज सकाळी स्वतःच्या छातीचे, पोटाचे केस उपटून त्या तणसावर टाकून रायली आहे, गळ्याखाली गुलाबी कातडी दिसून रायली. खरजेमुळं केस जात असन का? मला तर तसं वाटत नाही, ती खाजवत नाही, मन लावून करून रायली आहे.

भंडारा पशुसेवक

ताई, ही खरूज नाही, ती घरटं करून राहिली आहे. गाभण असेल, म्हणूनच कदाचित सोडून गेले असतील. कधी कधी खोटं गाभणपण पण असते, त्यातही असंच करतात, पण आपण खरं धरून चालायचं. सशाचे दिवस साधारण ३१, आणि केस उपटायला लागली म्हणजे आज-उद्या-परवा. दोन कामं लगेच. इंजेक्शन दिलं त्या डॉक्टरांना फोन करून सांगा की गाभण असू शकते, पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय नाही. आणि ती आत बसून फिरू शकेल एवढा खोका आडवा करून ठेवा, समोरून चार बोटं उंच पट्टी, म्हणजे पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत. खोली अंधारी, गर्दी नको, गावातल्या पोट्ट्यांना दोन दिवस येऊ देऊ नका.

नागपूरची ससेवाली

आणि पिल्लं झाली तर ती दिवसभर त्यांच्याजवळ बसणार नाही, हे आधीच सांगते नाहीतर तुम्ही घाबराल. ससीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तेही पाच मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. तिने टाकलं असं समजून गाईचं दूध बोळ्याने पाजायला जाऊ नका. सकाळी एकदा ती दूर असताना बघा, पोटं गोल टम्म आणि अंग गरम असेल तर सगळं ठीक आहे. एखादं मेलेलं असेल तर तेवढं काढून घ्या. तिचं गवत दुप्पट करा, आता लसूणघास दिला तरी चालेल, एरवी मोठ्या सशाला तो रोज नको.

पऱ्हाटी

खोका ठेवला. सासूबाईंनी त्यात स्वतःच्या हातानं वेचलेल्या फरदडीचा कापूस, सरकी काढून, मऊ पिंजून पसरला आहे, म्हणे जिथं सापडली त्याच वावराचा आहे, पिल्लांना ऊब राहीन. कापशी आत जाऊन हुंगून आली.

भंडारा पशुसेवक

ताई, तो कापूस काढून घ्या, लगेच. आईंना समजावून सांगा, त्यांची माया खरी आहे पण कापसाचा तंतू पिल्लांच्या पायाला, मानेला गुंडाळतो आणि आवळला की पाय जातो, पोटात गेला तर अडकतो. नुसतं तणीस ठेवा, जरा हातानं चुरून मऊ करून. ऊब ती स्वतःच्या केसांनी करते.

पऱ्हाटी

काढला. सासूबाईंनीच काढला, एक एक धागा निवडून, चष्मा लावून. आता तणीस चुरून रायल्या आहेत, आन कापशी बाजूला बसून पायते, त्यांनी एक मूठ टाकली का ती लगेच तोंडात उचलून आपल्या जागी नेते.